दुचाकीची देखभाल (लेखांक ६) : आधी पातळी, मग तापमान

मागच्या आठवड्यात तेलाचा ग्रेड पाहिला. आता त्या तेलात बुडणारी डिपस्टिक आणि तिच्या डोक्यावर डायल बसवून मिळणारं तापमानाचं गेज.

मुंबईच्या तापमानाची बातमी कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळांवरून येते. सांताक्रूझचा उच्चांक १४ एप्रिल १९५२ चा, ४२.२ अंश. एअर-कूल्ड इंजिनाचं तेल मात्र रोजच ९० ते १२० अंशांत काम करतं. वाकोल्याच्या पुलाखाली गाडी खोळंबली की फिन्सवरून वारा वाहत नाही आणि काटा चढू लागतो. साधं मिनरल तेल १३० च्या वर फार वेळ राहिलं तर लवकर खराब होतं. म्हणून हे गेज हौसेपुरतं नाही, उपयोगाचं आहे. पण ते निवडताना बहुतेक जण डायल बघतात. बघायचा असतो दांडा.

दांड्यात दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते. उष्णतेनं दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी पिळली जाते आणि काटा फिरतो. वायर नाही, बॅटरी नाही. मात्र दांड्याचं टोक तेलात बुडायलाच हवं. आखूड दांडा आतल्या वाफेचं तापमान सांगतो. लांब दांड्याचा धोका त्याहून मोठा, कारण तो क्लच किंवा गिअरला लागू शकतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पार्ट घ्यायला जाताना मूळ डिपस्टिक पुसून सोबत न्या आणि दोन्ही शेजारी धरून मापा. आटेही जुळवा. व्यास २० मिमी सारखाच, पण पिच एकाचा १.५ आणि दुसऱ्याचा २.५, असं होतं. चुकीचा पार्ट एक-दोन आटे आत जातो, मग जोर लावला की ॲल्युमिनियमच्या कव्हरचे आटे गेलेच.

नव्या दांड्यावर कमाल-किमान खुणा नसतील तर मी तो घेणार नाही. डिपस्टिकचं पहिलं काम पातळी दाखवणं. स्प्लेंडर किंवा ॲक्टिव्हाची पातळी डिपस्टिक न आवळता, नुसती टेकवून बघतात. खुणा त्याच हिशेबानं हव्यात. बुलेटच्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनाला पातळीसाठी काच असते, त्यामुळे तिथे फक्त डायलचं झाकण चालतं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला डिपस्टिकच लागते.

बसवण्याआधी दांडा उकळत्या पाण्यात धरा. मुंबई समुद्रसपाटीला असल्यानं पाणी १०० अंशांनाच उकळतं, काटाही तिथेच यायला हवा. पाच अंश इकडेतिकडे चालेल, पंधरा नाही. मग दांडा पूर्ण कोरडा करा.

सांताक्रूझ स्टेशन ते बीकेसी एवढंच जाणं-येणं असेल तर काटा वर चढतच नाही. हेही चांगलं नव्हे. तेलातला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, तेव्हा किलोमीटर भरण्याची वाट न पाहता महिन्यांच्या हिशेबानं तेल बदला. पावसाळ्यात मिलन सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडली, तर किक मारण्याआधी डिपस्टिक काढून बघा. तेल दुधाळ दिसलं तर इंजिन चालू करू नका.

डायल पायाजवळ असतो, चालत्या गाडीवर त्याच्याकडे वाकून बघू नका; सिग्नलला थांबल्यावर बघा. ओ-रिंग नवी घाला, हातानंच आवळा आणि पहिल्या फेरीनंतर झाकणाभोवती तेल पाझरतंय का तेवढं बोट फिरवून तपासा.