शाळेतल्या नांग्या भरायच्या राहिल्या



कापसाची उगवण झाली की आठ-दहा दिवसांत आपण रानातून फेरी मारतो आणि जिथे बी उगवले नाही तिथे नांग्या भरतो. उशीर केला तर काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको. शेजारची झाडे वर जातात आणि मागून लावलेले रोप त्यांच्या सावलीत खुरटते. आज मात्र खताचे किंवा फवारणीचे न लिहिता दुसऱ्याच एका रानातल्या नांग्यांबद्दल लिहितो आहे. ते रान म्हणजे आपल्या गावची शाळा.

२०२५ च्या खरिपात एका वस्तीवर गेलो होतो. घरधनी फवारणीच्या तयारीत होते. औषधाचे प्रमाण १० लिटर पाण्याला ४ ग्रॅम आणि पंप १५ लिटरचा. आठवीतला मुलगा शेजारीच उभा होता. म्हटले, "बाळा, एका पंपाला किती टाकायचं, सांग बरं." पोराने मोबाईल काढला, पण कशाला कशाने भागायचे तेच त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "दहा टाका." वडील माप भरायलाही लागले. मी थांबवले. बरोबर उत्तर ६ ग्रॅम. म्हणजे दीडपटीहून जास्त औषध पिकावर आणि फवारणाऱ्याच्या अंगावर गेले असते.

वडील संतापले, "आठवीत गेलास अन् एवढं येईना?" पोरगा खाली मान घालून म्हणाला, "भागाकार शिकवायच्या वक्ताला शाळा बंद होती."

पोराचे खरे होते

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपे लागली. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ पासून काही काळ भरले, पण दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे लहान लेकरे सुमारे वीस महिने शाळेबाहेर होती. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस बंद. या काळात पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. दुसरा इलाज नव्हता. पण पाढे, भागाकार, जोडाक्षरे ज्या वर्षांत पक्की व्हायची, ती वर्षे अशी निघून गेली.

त्या वेळी कोणी हातावर हात धरून बसले होते असे नाही. सरकारने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणून मोबाईलवर अभ्यासमाला पाठवली. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' मालिका लागली. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर 'बोलकी शाळा' लाऊडस्पीकरवरून भरली. आपल्याकडेही कितीतरी गुरुजींनी पारावर, झाडाखाली पोरांना लांब-लांब बसवून शिकवले. हेच गुरुजी त्याच वेळी घरोघरच्या सर्वेक्षणाला जात होते आणि शाळेचा तांदूळ, डाळ पालकांना मोजून देत होते.

आणि आपण पालक? घरात एक मोबाईल, लेकरे तीन. तो मोबाईलही वडिलांबरोबर शेतात. भाजीपाल्याला गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा रिचार्जला पैसे कुठून आणायचे? काही पोरे रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसत. बरीचशी शेळ्यांमागे गेली, कापूस वेचायला लागली. काही मुलींची लग्ने उरकली गेली, त्या परत वर्गात दिसल्या नाहीत.

माझी स्वतःचीही चूक सांगतो. त्या काळात शेतीशाळा बंद होत्या म्हणून आम्हीही सल्ले मोबाईलवर पाठवत होतो. पाठवले म्हणजे पोचले, असे धरून चाललो. शाळेच्या अभ्यासाचेही तसेच झाले.

पुढचे पीक सावरले, मागचे राहिले

'असर' नावाची पाहणी देशभरातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन होते. त्यात मुलांना दुसरीचा धडा वाचायला देतात. तिसरीतल्या शंभर मुलांपैकी २०१८ मध्ये सुमारे २७ जणांना तो वाचता आला. २०२२ मध्ये हा आकडा २० वर आला आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ झाला. मूळचे २७ काही मिरवण्यासारखे नाहीत, पण निदान झालेली घसरण भरून निघाली.

मात्र इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. २०२४ मध्ये तिसरीत असलेली लेकरे शाळा उघडल्यावर पहिलीत आलेली होती. हे पुढचे पीक. २०२०-२१ मध्ये जी पहिलीत होती ती २०२५-२६ मध्ये सहावीत पोचली आणि तेव्हाची तिसरीतली आठवीत. जुलै २०२१ मध्ये त्यांच्यासाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यास झाला, पण तेव्हाही बहुतेक शाळा बंदच होत्या. वरच्या वर्गात शिक्षकांना त्या वर्गाचे पुस्तक संपवायचे असते. खालचा भागाकार कोण शिकवणार? खुरटलेले रोप सावलीतच राहते.

आता काय करता येईल?

पहिले, घरी पारख करा. मूल पाचवीच्या पुढे असेल तर दुसरी-तिसरीचे पुस्तक समोर ठेवा, एक पान मोठ्याने वाचायला सांगा. हातच्याची एक वजाबाकी आणि एक भागाकार द्या. आले नाही तर ओरडू नका. चूक त्याची नाही.

दुसरे, शाळेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत शंभरातले पंच्याहत्तर सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा आहे. समितीची बैठक फक्त सह्यांपुरती होऊ देऊ नका. "कोणत्या वर्गातल्या किती मुलांना वाचता येत नाही?" एवढेच विचारा. गुरुजींना दोष देण्यासाठी नव्हे, यादी करण्यासाठी.

तिसरे, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती. समाजमंदिर संध्याकाळी दीड तास उघडे ठेवा, दिव्याची सोय करा. गावात बारावी झालेली मुले-मुली रिकामी आहेत, त्यांना यादीतली पाच-पाच लेकरे वाटून द्या.

चौथे, वेचणीच्या दिवसांत पोरांचे खाडे होऊ देऊ नका. त्याऐवजी घरचा हिशेब त्यांच्याकडे द्या. कापसाचे वजन, मजुरी, आडतीची पट्टी, पंपाचे प्रमाण. यासारखे गणिताचे पुस्तक दुसरे नाही.

त्या वस्तीवरच्या वडिलांना मी हेच सांगितले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. सरांनी तपासले तेव्हा वरच्या तीन वर्गांत अशी अकरा मुले निघाली. शाळा भरण्याआधी अर्धा तास त्यांना वेगळे बसवायला सुरुवात झाली. वेचणीच्या वेळी मी पुन्हा गेलो, तेव्हा मजुरांच्या वजनाची वही पोराच्या हातात होती. दशांश चिन्हापाशी अजून गडबडतो. पण १५ लिटरला किती, ते न अडखळता सांगतो.

कापसात नांग्या भरायची वेळ एकदा गेली की गेली. लेकराचे तसे नाही, त्याला सहावीत, आठवीतही भागाकार शिकवता येतो. मात्र दहावीनंतर ते शाळेच्या रानातून निघून जाईल. त्याआधी एकदा फेरी मारून या.