चढावर घसरणारा बेल्ट
भोपाळच्या शामला हिल्सचा चढ डबलसीट चढताना बिनगिअरच्या स्कूटरचं इंजिन ओरडतं आणि वेग मात्र वाढत नाही, तेव्हा बरेचदा आतला बेल्ट घसरत असतो. ऐंशीच्या दशकात आलेल्या, तेव्हा याच राज्यात पीथमपूरला बनणाऱ्या कायनेटिक होंडाने पुढच्या-मागच्या दोन पुल्यांवर फिरणाऱ्या बेल्टची ही रचना आपल्याकडे रुळवली.

पुढच्या पुलीतले रोलर वेगाबरोबर बाहेर सरकतात आणि पुलीच्या चकत्या जवळ आणतात. मागच्या पुलीची स्प्रिंग बेल्ट दाबून धरते. रोलर झिजून सपाट झाले, स्प्रिंग थकली किंवा चकतीला ग्रीस लागलं की पकड सुटते. घसरण्याने बेल्ट तापतो, गुळगुळीत होतो आणि आणखी घसरतो. म्हणून नुसता नवा बेल्ट टाकणं मला पटत नाही. मूळ कारण तसंच राहतं.

चकत्या स्वच्छ, कोरड्या करून घ्या. बेल्टची रुंदी कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. रोलर सगळे एकदम बदला. हलके रोलर चढावर जोर देतात, पण सपाट रस्त्यावर इंजिन जास्त फिरतं. कडक स्प्रिंग पकड वाढवते. ती फारच कडक असेल तर बेल्टच लवकर झिजतो.