रक्तदाब आणि व्यायामाची वेळ : सकाळ की सायंकाळ?

छत्रपती संभाजीनगरात भल्या पहाटे विद्यापीठाचा परिसर किंवा हिमायत बाग येथे गेल्यास झपझप चालणारे अनेक ज्येष्ठ दृष्टीस पडतात. त्यांतील कित्येकांना डॉक्टरांनी रक्तदाबासाठी चालावयास सांगितलेले असते. ‘सकाळी चालल्याने झटका येतो, संध्याकाळीच चाला’ अशा आशयाचे संदेश भ्रमणध्वनीवर फिरू लागल्यापासून काहींच्या मनात भीती बसली आहे. सकाळचे चालणे सुटते, सायंकाळी सवड मिळत नाही, आणि अखेर दोन्ही राहून जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील ३५ टक्क्यांहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. तेव्हा या प्रश्नाचा नीट उलगडा होणे अगत्याचे आहे.

रक्तदाब दिवसभर एकसारखा नसतो. निरोगी माणसात तो रात्री गाढ झोपेत दिवसाच्या तुलनेत साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो. पहाटे, आपण डोळे उघडण्यापूर्वीच, शरीर उठण्याची तयारी करू लागते. कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते, रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात आणि जाग आल्यावर दाब वेगाने चढतो. सायंकाळनंतर तो पुन्हा उतरणीस लागतो. ज्यांचा दाब रात्रीही उतरत नाही, त्यांच्या हृदयाला, मेंदूला व मूत्रपिंडांना अधिक धोका संभवतो.

हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत अधिक येतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. वरील भीतीचे मूळ बहुधा येथेच आहे. परंतु झटका सकाळी येतो म्हणजे तो चालण्यामुळे येतो, असा अर्थ काढणे योग्य नव्हे. अंथरुणात पडून राहणाऱ्यालाही पहाटेची ती चढण चुकत नाही. हृदयरोग्यांना देखरेखीखाली सकाळी व दुपारी व्यायाम देऊन केलेल्या तुलनेतही (१९९३) दोन्ही वेळी धोका अत्यल्पच आढळला.

आता व्यायामाच्या परिणामाकडे वळू. चालत असताना वरचा दाब वाढतो, हे स्वाभाविकच आहे. थांबल्यानंतर मात्र स्नायूंमधील रक्तवाहिन्या सैलावलेल्या राहतात आणि दाब पूर्वीपेक्षाही खाली येतो. हा उतार काही तास टिकतो. व्यायाम नियमित असेल तर काही आठवड्यांनी विश्रांतीच्या वेळचा दाबही कमी होतो.

हा लाभ कोणत्या वेळी अधिक, याविषयी दोन प्रयोग लक्षात घेण्याजोगे आहेत. ब्राझीलमधील साओ पावलो येथे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या ५० पुरुषांवर एक प्रयोग झाला. काहींनी सकाळी व काहींनी सायंकाळी, आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटे स्थिर सायकल चालविली. उरलेल्यांनी केवळ अंग ताणण्याचे व्यायाम केले. दहा आठवड्यांनंतर सायंकाळच्या गटाचा दाब उतरला, सकाळच्या गटात तसा फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सकाळी व्यायामानंतरचा उतार आणि शरीराची स्वाभाविक चढण परस्परांना छेद देतात, तर सायंकाळी दोन्हींची दिशा एकच असते, असे याचे एक स्पष्टीकरण देता येईल.

याउलट अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथील २०१४ चा प्रयोग सकाळच्या बाजूने कौल देतो. उच्च रक्तदाबाच्या उंबरठ्यावर असलेल्या २० स्त्री-पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी सकाळी सात, दुपारी एक आणि सायंकाळी सात वाजता अर्धा तास चालविण्यात आले. सकाळी चालल्याच्या दिवशी त्यांना रात्री गाढ झोप अधिक लागली व रात्रीचा दाबही अधिक उतरला.

दोन्ही प्रयोग लहान आहेत आणि त्यांतील माणसेही भिन्न. म्हणून माझे मत असे, की गोळ्या चालू असलेल्या ज्या पुरुषांना दोन्ही वेळा मोकळ्या आहेत, त्यांनी सायंकाळ निवडून पाहावी. इतरांनी नेमाने जमेल ती वेळ धरावी. आठवड्यास किमान १५० मिनिटांचे मध्यम चालणे पूर्ण होणे हे घड्याळातील तासापेक्षा अधिक मोलाचे आहे. शिवाय मराठवाड्यात ऋतूलाही विचारावे लागते. मे महिन्यात सायंकाळी सहालाही रस्ते तापलेले असतात. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा उन्हात भोवळ येऊ शकते. त्यांना उन्हाळ्यात सकाळच बरी. डिसेंबरच्या कडाक्यात मात्र थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून थोडे ऊन वर आल्यावर बाहेर पडावे. कोणत्याही वेळी पहिली पाच-दहा मिनिटे सावकाश चालावे, थांबतानाही एकदम थांबू नये. वाळूजच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या बांधवांची सकाळ ही झोपेची वेळ असते. त्यांनी झोप मोडून चालण्यापेक्षा उठल्यानंतर चालावे.

गोळीविषयीही लिहिणे आवश्यक आहे. काही वृद्ध भाविक सकाळच्या मिस्सेपूर्वी उपवास मोडेल म्हणून गोळी घेत नाहीत, चालतच चर्चमध्ये येतात आणि घरी परतल्यावर न्याहारीनंतर गोळी घेतात. असे करण्याचे मुळीच कारण नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार (कलम ९१९) कम्युनियनपूर्वीचा उपवास एक तासाचा आहे, पाणी व औषध यांना त्यात मुभा आहे, आणि वृद्ध व आजारी यांना तर त्या तासाचेही बंधन नाही. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. हृदयविकार व पक्षाघात टाळण्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही, असे २०२२ मध्ये त्यातून निष्पन्न झाले. तरीही ठरलेली वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी. काही गोळ्यांमुळे नाडीची गती वाढत नाही. त्यांनी नाडी न मोजता, चालताना बोलता येते की नाही हे पाहावे. विश्रांतीचा दाब १८०/११० च्या वर असेल, अथवा चालताना छातीत दुखत असेल, तर चालणे थांबवून आधी डॉक्टरांकडे जावे.

आपल्याला कोणती वेळ मानवते हे घरच्या यंत्रावरही कळू शकते. मात्र चालून आल्याबरोबर दाब मोजू नये. तो आकडा फसवा असतो. सकाळी उठून लघवीस जाऊन आल्यावर, गोळी व चहापूर्वी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. रात्री निजण्यापूर्वी पुन्हा तसेच करावे. एक महिना सकाळी चालून व एक महिना सायंकाळी चालून, प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातील आकडे वहीत लिहावेत आणि ती वही पुढच्या भेटीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावी.