एकांतवासातील स्वगत

रंगभूमीवर एखादे पात्र एकटेच उभे राहून मोठ्याने बोलू लागले, तर आपण त्याला वेडा ठरवीत नाही. 'एकच प्याला'तील सुधाकर एकटा असताना बोलतो, तेव्हा सारे प्रेक्षागृह कान देऊन ऐकत असते. पण शेजारच्या घरातील एकटी राहणारी म्हातारी स्वयंपाकघरात "आता मिठाची बरणी कुठं बरं ठेवली मी?" असे मोठ्याने म्हणाली आणि ते परदेशातल्या मुलाच्या कानी टेलिफोनवरून पडले, की त्याच्या पोटात गोळा येतो. आईचे डोके ठिकाणावर आहे ना, ही शंका त्याला रात्रभर झोपू देत नाही. वास्तविक नाटकातले स्वगत हे नावाचेच स्वगत. ते समोरच्या पाचशे माणसांसाठी असते. ज्याला खरोखरच श्रोता नाही असे स्वगत म्हातारीचे. अशा बोलण्याचा अर्थ काय, आणि त्याच्या जोडीने येणारा विसराळूपणा कोठून येतो, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारास घेतला आहे. सन २०२० च्या टाळेबंदीत या अनुभवाची थोडीशी चव पुष्कळांनी चाखली. म्हणून विषय अगदीच परका वाटू नये.

या विषयाचे उत्तम साक्षीदार म्हणजे दीर्घकाळ एकटे राहिलेले आणि त्या दिवसांची टिपणे ठेवणारे लोक. त्यांत अमेरिकन आरमारी अधिकारी रिचर्ड बर्ड याचे नाव आम्ही पहिल्याने घेऊ. सन १९३४ मध्ये दक्षिण ध्रुवाकडील बर्फाच्या पठारावर, आपल्या मोहिमेच्या मुख्य तळापासून सुमारे १२३ मैल आत, बर्फात पुरलेल्या एका खोलीच्या झोपडीत तो मार्चच्या अखेरीपासून एकटा राहिला. काम हवामानाची निरीक्षणे घेण्याचे. मूळ बेत तीन माणसांचा होता. पण सामान वेळेवर पोचेना. मग दोघांनी राहावे काय? बर्डने ते नाकारले. दोन माणसे महिनोन् महिने एका खोलीत कोंडली तर एकमेकांच्या जिवावर उठतील, त्यापेक्षा एकटा बरा, असा त्याचा हिशेब. (हा हिशेब संसारी वाचकांना पटण्यासारखा आहे!) बाहेर काही महिने सूर्य नाही आणि पारा शून्याखाली ७० अंश फॅरनहाइटच्याही खाली. मुख्य तळावरचे लोक बिनतारी यंत्रावरून त्याच्याशी बोलत, पण त्याला उत्तर द्यावे लागे ते मोर्सच्या टकटकीने. म्हणजे कानाला माणसाचा आवाज मिळे. तोंडाला मात्र काम नाही.

बर्डच्या रोजनिशीतील बारीकसारीक नोंदीच आमच्या कामाच्या आहेत. सुपात त्याने साखर घातली. मक्याच्या लापशीचा चमचा ताटलीत न ओतता ताटलीच्या जागी, उघड्या मेजावरच ओतला. त्याचे शिव्या देणे जवळजवळ बंद पडले. कारण ऐकायला कोणी नसेल तर शिवीत अर्थ तो काय? आणि सर्वांत मार्मिक निरीक्षण हे, की संभाषण थांबल्यापासून शब्दांनी विचार करणे त्याला जड जाऊ लागले. फिरायला गेला असता तो मुद्दाम स्वतःशी बोले आणि ते शब्द ऐकत राही, पण ते त्याला पोकळ आणि परके वाटत.

हाच अनुभव चाळीस वर्षे आधी एका खलाशाने नोंदविला होता. जोशुआ स्लोकम हा १८९५ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनहून सुमारे ३७ फूट लांबीच्या 'स्प्रे' नावाच्या शिडाच्या नावेतून एकटाच निघाला आणि १८९८ च्या जूनमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. एकट्याने असे करणारा तो पहिलाच मनुष्य. वापर नसल्यामुळे आपला आवाज जाईल अशी भीती वाटून तो घंटांचे पुकारे मोठ्याने करी, खोलीतून ओरडून सुकाणूवरच्या माणसाला नावेची दिशा विचारी. सुकाणूवर माणूस कोठला! उत्तर येत नसे, आणि आपण एकटे आहोत याची आठवण उलट अधिकच बोचे. शून्यात जाणारा स्वतःचा आवाज त्यालाही पोकळ वाटला, आणि त्याने ती रीत सोडून दिली. मग त्याने गाणे सुरू केले, आणि ते मात्र टिकले. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे.

आता मोठ्याने बोलण्याचे कारण. ज्या १९३४ साली बर्ड झोपडीत होता, त्याच साली रशियात लेव वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाचा 'विचार आणि भाषा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाला दुसऱ्याचे नाव ठाऊक असण्याचा संभव नाही. पण एकाच्या कोड्याचा उलगडा दुसऱ्याच्या पुस्तकात आहे. लहान मूल खेळताना एकटेच बडबडते हे आपण रोज पाहतो. वायगॉट्स्कीने त्याच्या कामात मुद्दाम अडचणी आणल्या. चित्र काढताना हवी ती पेन्सिलच जागेवर नाही. अशा वेळी मुलाची बडबड जवळजवळ दुप्पट होते असे त्याला आढळले. निळी पेन्सिल नाही, मग लाल घेऊ, तिला पाणी लावू, म्हणजे गडद दिसेल, असा सगळा बेत मूल बोलून ठरविते. त्याचा निष्कर्ष असा, की आपण प्रथम दुसऱ्यांशी बोलायला शिकतो, मग तेच बोलणे स्वतःकडे वळवितो, आणि शेवटी ते आत जाऊन मुका विचार बनते. ज्या वाटेने ते आत गेले त्याच वाटेने अडचणीच्या वेळी ते बाहेर येते. सुईत दोरा ओवताना, किंवा आकड्यांची लांबलचक बेरीज करताना, मोठ्या माणसाचेही ओठ हलू लागतात. लुप्यन आणि स्विंग्ली या दोन अमेरिकन संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले, की ओळखीची वस्तू शोधताना तिचे नाव मोठ्याने घेतले तर ती अनेकदा लवकर सापडते. तेव्हा मिठाची बरणी शोधणाऱ्या म्हातारीला हसण्याचे कारण नाही. तिची पद्धत शास्त्रशुद्ध आहे.

विसराळूपणाचा प्रकार थोडा निराळा. आपली पुष्कळ कामे हात सवयीने करतात. चित्त भलतीकडे असते. घरात चार माणसे असली म्हणजे कोणीतरी "अहो, हे काय करताय?" म्हणून टोकते आणि चूक जागच्या जागी सुधारते. दूध आणले का, दार लावले का, आज वार कोणता, ही सारी आठवण आपण एकट्याच्या डोक्यात ठेवीत नाही. ती घरभर वाटलेली असते. डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने जवळच्या माणसांतील या भागीदारीवर विशेष लिहिले आहे. भागीदार गेला की त्याच्याकडची अर्धी वहीही गेली. जोडीदाराच्या मागे राहिलेल्या वृद्धाचा विसराळूपणा एकाएकी वाढल्यासारखा दिसतो, त्यात या हरवलेल्या वहीचा वाटा मोठा असावा असे आम्हांला वाटते.

माणसांबरोबर घड्याळही गेले तर काय होते, हे फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र याने १९६२ मध्ये स्वतःवर प्रयोग करून पाहिले. आल्प्स पर्वतातील स्कारासोन या बर्फाळ विवरात तो १६ जुलैला घड्याळाशिवाय उतरला. झोपताना, उठताना, खाताना तो वर टेलिफोन करी. पण वरच्यांनी त्याला वेळ सांगायची नाही असा करार होता. सप्टेंबरच्या १४ तारखेला त्याला बाहेर काढले, तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट! पंचवीस दिवस कोठे गेले हे त्याला सांगता येईना. दर सेकंदाला एक याप्रमाणे १२० पर्यंत आकडे मोजायला त्याला सांगितले, की त्या दोन मिनिटांना प्रत्यक्षात पाच मिनिटे लागत. ज्या दिवसात काही घडले नाही तो स्मृतीत जागाच घेत नाही. काल काय केले हे न आठवणे हा अशा वेळी मेंदूचा बिघाड नसतो. कालच्या दिवसाला खुंटीच नव्हती.

तथापि मेंदूवर परिणाम होतच नाही, असेही म्हणता येत नाही. दक्षिण ध्रुवखंडावरील जर्मन तळावर १४ महिने राहिलेल्या ९ जणांच्या मेंदूची छायाचित्रे तपासता, स्मृतीशी संबंधित एक लहानसा भाग सरासरी ७ टक्क्यांनी आक्रसलेला दिसला, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे केवळ नऊ, आणि तीही एकेकटी नव्हे. एकसुरी दिवस, काळोख आणि थोडक्या माणसांचा सहवास यांपैकी दोष कोणाचा किती, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून त्याचा बाऊ करू नये.

आता त्या गाण्याकडे वळू. आपल्याकडे पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेली बाई शतकानुशतके एकटीच बोलत आली. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्या ओव्यांतील बाई कधी जात्यालाच देव मानून सुखदुःख सांगते, कधी विठ्ठलाला, कधी दूरच्या भावाला, कधी आईला. समोर कोणी नाही, पण बोलणे कोणाला तरी आहे. बर्डला आपला आवाज पोकळ वाटला तो आवाज बिनपत्त्याचा होता म्हणून, असा आमचा समज आहे. स्लोकमच्या ओरडण्याला उत्तर हवे होते, गाण्याला नको होते. म्हणून गाणे टिकले. देवाशी भांडणारी, तुळशीला पाणी घालताना तिची विचारपूस करणारी, किंवा भिंतीवरच्या तसबिरीला दिवसाचा वृत्तांत देणारी म्हातारी ही याच वाटेने चालली आहे. तिला गप्प करणे म्हणजे तिचा उरलासुरला श्रोता काढून घेणे होय.

मग चिंता करावी केव्हा? बोलणारीला आपणच बोलत आहोत हे ठाऊक असेल तर बहुधा नाही. दुसऱ्या कोणाचे आवाज बाहेरून ऐकू येतात, ते हुकूम करतात, धमकावितात असे ती सांगू लागली, तर डॉक्टरांकडे जावे. बरणी विसरणे निराळे आणि बरणी कशासाठी असते हेच विसरणे निराळे. दोन-चार दिवसांत एकाएकी दिशाभूल झाली, तर एकटेपणाला दोष देत बसू नये. म्हातारपणी एखादा साधा संसर्ग, रक्तातील क्षारांची घट किंवा नव्या गोळ्या एवढ्यानेही असे होते. कानांची तपासणीही करावी, कारण बहिरेपणासारखा एकांतवास दुसरा नाही.

बर्डच्या बाबतीत तर हे शब्दशः घडले. त्याच्या शेगडीचा आणि बिनतारीच्या इंजिनाचा विषारी धूर झोपडीत साचत होता. मेच्या अखेरीस तो कोसळला. त्याच्या विसराळूपणात एकांताचा भाग किती आणि धुराचा किती, हे आज कोणी वेगळे करू शकणार नाही. आपल्यासाठी कोणी अंधारात जीव धोक्यात घालू नये म्हणून त्याने आजार लपविला. संदेशांत सारे क्षेम असल्याचेच कळवी. परंतु मुख्य तळावरचे लोक आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वेळी, त्याची टकटक ऐकत होते. मजकूर ठीक होता, पण अक्षरे तुटत होती, चुकत होती, मध्येच लांबलचक थांबत होती. त्यावरून त्यांना संशय आला. दोनदा परत फिरावे लागूनही ऑगस्टमध्ये तिघे जण गाडी घेऊन त्याच्या झोपडीपाशी पोचले. तेव्हा बर्डने त्यांना खाली बोलावले, आणि गरम सूप तयार आहे असे सांगितले.