लाडू लढतीनंतर!

"आत्या, लाडू नको, आधी पाणी दे!"

छत्रपती संभाजीनगरात, आमच्या गुलमंडीवरच्या घरी, वजन देऊन आलेला भाचा उंबऱ्यातूनच म्हणाला. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मुष्टियुद्धासाठी पठ्ठ्याने दोन दिवसांत अडीच किलो उतरवले होते. सकाळी काटा, दुपारी लढत! मी साजूक तुपातले लाडू काढून बसले होते. पण त्यानेच मला शहाणे केले.

उतरते ते बहुतेक पाणीच. म्हणून आधी मीठ-साखरेचे पाणी, तेही घोट घोट. दोन्ही बरोबर असली की आतडी पाणी लवकर शोषतात. मग मऊ भात नि केळी. त्यांतली साखर स्नायूंत साठताना आपल्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. तूप मात्र पोटात रेंगाळते.

पण पाणी परतते, तसा काटाही परततो. प्रत्येक लढतीच्या सकाळी पुन्हा वजन! कुस्तीतही तेच. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट ५० किलोंत बसली, एका दिवसात तीन कुस्त्या जिंकली; दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली नि अंतिम लढत हुकली. १९९७ साली तर अमेरिकेत वजन उतरवताना तीन विद्यार्थी मल्लांचे प्राण गेले.

दुपारी भाचा हरला. घरी येऊन त्याने दोन लाडू खाल्ले.

"पुढच्या वेळी वरच्या गटात खेळेन, आत्या."

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला!