शेतकऱ्याकडून थेट भाजी: पन्नास घरांचा हिशोब

आजचा विषय सगळ्यांच्या घरातला आहे. भाजी.

'लोकल खा, शेतकऱ्याला सपोर्ट करा' हे आपण सगळीकडे ऐकतो. ऐकायला छानच वाटतं. पण पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दोघंही नोकरी करणाऱ्या, चार माणसांच्या घरानं नेमकं करायचं काय? आणि केलं, तर त्यानं शेतकऱ्याला खरंच काही फरक पडतो का? मी शेतकरी नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे आज भावनेपेक्षा आकडेमोडीनं जाऊ.

उत्तर आधीच सांगून टाकतो. फरक पडतो. पण एखाद्या दिवशी दहा रुपये जास्त दिल्यानं फार पडत नाही. ठरलेल्या दिवशी न चुकता येणारं गिऱ्हाईक मिळालं, तर पडतो. आता हे कसं, ते बघू.

आपला रुपया जातो कुठे?

रिझर्व्ह बँकेनं २०२४ मध्ये भाज्यांच्या महागाईवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार ग्राहक जो रुपया देतो त्यातले शेतकऱ्याच्या हातात टोमॅटोला साधारण ३३ पैसे, कांद्याला ३६ आणि बटाट्याला ३७ पैसे पडतात. म्हणजे आपण ४० रुपये किलोनं टोमॅटो घेतला, तर शेतात गेले तेरा-चौदा रुपये. त्यातूनच रोपं, खत, औषधं, मजुरी, बांबू, सुतळी.

मग बाकीचे कुठे गेले? गाडीभाडं, हमाली, तोलाई, आडत, घाऊक व्यापाऱ्याचा नफा, किरकोळ विक्रेत्याचा नफा. आणि एक गोष्ट आपण विसरतो: खराब होणारा माल. 'सिफेट' या केंद्रीय संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत टोमॅटोचं काढणीपासून विक्रीपर्यंतचं नुकसान साडेबारा टक्क्यांच्या आसपास निघालं होतं. शंभर किलोतले बारा किलो फुकट. त्याची किंमत उरलेल्या मालावर चढणारच.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळा दोष आडत्याचा. तसं नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शेतकरी रात्री शंभर क्रेट घेऊन उतरला, तर ते शंभरच्या शंभर विकले जातात. भाव काही का मिळेना, माल परत न्यावा लागत नाही. बऱ्याच ठिकाणी अडीनडीला उचल देणाराही तोच आडत्या असतो. हे काम आपली सोसायटी करू शकत नाही. त्यामुळे 'मधला माणूस काढून टाका' हे बोलायला सोपं आहे, पण त्याचं काम मग कोण करणार हेही सांगावं लागतं.

कायद्याचं म्हणाल, तर महाराष्ट्रात बाजार समितीचा कायदा १९६३ चा. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला त्या नियमनातून मोकळा केला. तेव्हापासून शेतकरी समितीच्या आवाराबाहेर, कुणालाही थेट विकू शकतो. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांची सरकारी योजनाही आली. थोडक्यात, कायद्याची अडचण आता नाही. अडचण वेगळीच आहे.

टोमॅटो आणि गीझरचा नळ

२०२३ साल आठवा. मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या आणि नाशिककडच्या शेतकऱ्यांवर टोमॅटो रस्त्यावर फेकायची वेळ आली होती. किलोला दोन-तीन रुपये मिळत होते, त्यात तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. आणि जुलैमध्ये? आपण शंभरच्या वर देत होतो. नारायणगाव आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. तोच भाग, तेच पीक, मध्ये फक्त दोन महिने.

असं का होतं? गीझरच्या नळाचा विचार करा. पाणी गार आहे म्हणून आपण गरमचा नळ वाढवतो. पाइपातून गरम पाणी यायला अर्धा मिनिट लागतं, तेवढ्यात आपण आणखी वाढवतो. मग एकदम चटका. घाईनं कमी करतो, की परत गारठा. नळात दोष नसतो, आपल्या कृतीचा परिणाम उशिरा दिसतो एवढंच.

टोमॅटोचं रोप लावल्यापासून पहिला तोडा यायला साधारण दोन महिने लागतात. आज भाव चांगला दिसला म्हणून सगळे लावतात. माल येतो तेव्हा सगळ्यांचाच येतो आणि भाव पडतो. भाव पडला म्हणून प्लॉट सोडून देतात, पुढची लावण कमी होते. त्यात एखादी उष्णतेची लाट किंवा व्हायरस आला की दोन महिन्यांनी टंचाई. शेतकरी निर्णय घेतो तेव्हा त्याच्या हातात आजचा भाव असतो, आणि माल विकतो तेव्हा दोन महिन्यांनंतरचा. मधल्या काळाचा सगळा जुगार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर.

म्हणून 'भाव जास्त द्या' याच्याइतकंच, किंबहुना जास्त मोलाचं आहे 'अमुक इतका माल आम्ही नक्की घेणार' हे आधी कळणं.

आता हिशोब

समजा, एका सोसायटीतली पन्नास घरं ठरवतात की आम्ही एका शेतकऱ्याकडून थेट घेणार. त्या शेतकऱ्याचा एक एकर टोमॅटो आहे. चांगल्या पिकाचे २० टन धरू, म्हणजे वीस किलोचे हजार क्रेट. तोडे दोन महिने चालतात. पन्नास घरं आठवड्याला एकेक किलो टोमॅटो घेतात. आठ आठवड्यांत किती झाले? ४०० किलो. वीस हजार किलोपैकी चारशे, म्हणजे दोन टक्के! उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के मार्केट यार्डातच जाणार. तो एक एकर संपवायला अडीच हजार घरं लागतील.

आता दुसरा शेतकरी घ्या. त्याच्याकडे एक-दीड एकरातच वाफे पाडून मेथी, पालक, कोथिंबीर, भेंडी, गवार, वांगी, दोडका, मिरची अशी दहा-बारा प्रकारची भाजी आहे, थोड्या-थोड्या दिवसांच्या अंतरानं लावलेली. पन्नास घरं प्रत्येकी पाच किलो मिसळ भाजी घेतात. झाले आठवड्याला २५० किलो. एका छोट्या पिकअपमध्ये आरामात बसतील. सरासरी ४० रुपये धरले तर आठवड्याला दहा हजारांची विक्री. त्यातून खर्च जाणार, विकायला एक माणूस दिवसभर अडकणार, हे खरं. पण हा आकडा त्याला पेरणीच्या वेळी माहीत असतो.

म्हणजे थेट विक्री प्रत्येक शेतकऱ्यासाठी नाही. ती थोडं-थोडं सगळं पिकवणाऱ्यासाठी आहे. मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या शेजारी माणमध्ये, ज्ञानेश्वर बोडके यांनी सुरू केलेला 'अभिनव फार्मर्स क्लब' याच वाटेनं गेला: शेतकऱ्यांचा गट आणि भाजी थेट शहरातल्या घरापर्यंत. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेइकेई' नावाची पद्धत रुजली, तिचं मूळही हेच. काही कुटुंबं आणि एक शेतकरी यांच्यात करार: तू जे पिकवशील ते आम्ही घेऊ. आपल्याकडे पंजाबची 'अपनी मंडी' १९८७ ची आणि आंध्रचे 'रयतू बाजार' १९९९ चे. तिथं जागा सरकारनं दिली, पण गिऱ्हाईकाच्या शब्दाची हमी सरकार देऊ शकत नाही. ती आपल्यालाच द्यावी लागते.

हा शब्द मोडला तर काय होतं, तेही याच हिशोबात दिसतं. लाँग वीकेंड आला, पन्नासातली वीस घरं लोणावळ्याला गेली. शंभर किलो भाजी गाडीत उरली. मेथी-कोथिंबीर दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. आपल्यासाठी तो एक चुकलेला शनिवार, त्याच्यासाठी आठवड्याची चाळीस टक्के विक्री. असे दोन-तीन शनिवार झाले की तो येणं बंद करतो आणि आपण म्हणतो, 'या लोकांना सातत्यच नाही!'

आणि पर्यावरण?

'जवळची भाजी म्हणजे प्रदूषण कमी' हा मुद्दा अर्धाच खरा आहे. अमेरिकेत २००८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, घरातल्या अन्नामुळे होणाऱ्या एकूण हरितगृह वायूंमध्ये वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्केच निघाला, आणि शेतापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा तर ४ टक्के. बाकीचा बहुतेक भाग पिकवण्याचा. त्यामुळे पाच किलो भाजीसाठी कोथरूडहून हडपसरला कार काढणार असाल, तर राहू द्या. पायी किंवा स्कूटरवर जाता येईल असा बाजार शोधा. तसंच, लोकल म्हणजे आपोआप सेंद्रिय नव्हे. कुणी सेंद्रिय म्हणून जास्त भाव सांगत असेल, तर प्रमाणपत्र विचारायला लाजू नका.

मग घरी काय करायचं?

पहिलं, दिवस ठरवा. आमच्याकडे शनिवार सकाळ असते. जाणार नसाल तर दोन दिवस आधी फोन करून सांगा. एका फोननं शेतकरी तेवढी तोडणी कमी करू शकतो.

दुसरं, आधी बाजार, मग मेनू. आपण उलटं करतो: पनीर-मटार ठरवतो आणि मे महिन्यात मटार शोधत फिरतो. पुरंदरचा मटार पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. त्याच्या मागोमाग सासवडकडचं सीताफळ. थंडीत मेथी, पावटा, हरभऱ्याची भाजी. पुरंदरच्या अंजिराचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार असतात. उन्हाळ्यातला मीठा बहार चुकवू नका. हे कॅलेंडर आमच्या आजीला तोंडपाठ आहे, आम्ही ते फ्रिजवर लिहून लावलंय. मुलांना बाजारात न्या. शेतकऱ्यानं स्वतः हातात दिलेला दोडका घरी येऊन खाल्लाच जाईल याची गॅरंटी नाही, पण निदान त्याचं नाव तरी कळतं.

तिसरं, समोरचा शेतकरीच आहे का, हे ओळखायचं असेल तर एकच प्रश्न विचारा: 'पुढच्या आठवड्यात काय येईल?' शेतकरी लगेच सांगतो, 'गवार संपत आली, वांगी सुरू होतील.' ज्याच्याकडे बारा महिने सफरचंदापासून बटाट्यापर्यंत सगळं असतं तो विक्रेता आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त तो थेट शेतकरी नव्हे.

चौथं, वर्षाचं धान्य. ही आपली जुनी पद्धत आणि थेट खरेदीसाठी सगळ्यात सोपी. धान्य दोन दिवसांत सडत नाही, एकाच फेरीत काम होतं. दिवाळीनंतर मावळ, मुळशी, भोरचा तांदूळ येतो. आपला लाडका इंद्रायणी हा वाणच मुळी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. कांदा भरायचा असेल तर एप्रिल-मेमधला उन्हाळी घ्या, तो चार-पाच महिने टिकतो. पावसाळी लाल कांदा टिकत नाही.

पाचवं, भाव पडलेला असतो तेव्हा जास्त घ्या. टोमॅटो दहा रुपयांवर आला की पाच किलो आणून प्युरी करून फ्रीझरमध्ये टाका. महाग असताना सहानुभूती दाखवण्यापेक्षा हे जास्त कामाचं.

आणि शेवटचं: कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना सोडू नका. पहाटे मार्केट यार्डातून माल आणून उन्हात बसणं हीसुद्धा मेहनतच आहे, आणि आठवड्याच्या मधे कोथिंबीर संपली की आपल्याला त्याच आठवतात. आठवड्याची मोठी खरेदी शेतकऱ्याकडून, वरची किरकोळ मावशींकडून, असं आम्ही वाटून घेतलंय.

तुमच्या सोसायटीत पन्नास घरं तयार होणार नाहीत, मला माहीत आहे. दहा झाली तरी पन्नास किलो होतात, आणि तेवढ्यासाठी त्याच रस्त्यानं जाणारी गाडी थांबू शकते. या शनिवारी शेजारच्या दोन घरांना विचारून बघा. पुढच्या भागात भेटूच.