बाईंचा मंगळवार

पहाटे साडेपाच. मार्च महिन्यात इंडियानापोलिसला या वेळी मिट्ट काळोख असतो. बाईंच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो, कॉफी होते आणि टेबलावर एक जाड वही उघडली जाते. डावीकडे नावं, पुढे तारखांचे रकाने, अगदी वर्गाच्या हजेरीसारखे. ही नावं त्यांच्या भगिनीसंघातल्या, एकट्या राहणाऱ्या वयस्कर बायकांची. सहाच्या ठोक्याला फोन सुरू होतात. ‘सोरोर (म्हणजे बहीण), उठलात का? गोळी घेतली?’ पलीकडून आवाज आला की निळ्या शाईची खूण. दोनदा लावूनही कुणी उचलला नाही, तर लगेच तिच्या शेजारणीला फोन. जादा किल्ली कोणाकडे आहे तेही वहीत लिहिलेलं असतं. शेजारी राहत असल्याने मी हे बरेचदा पाहिलंय. त्या मंगळवारी बाईंची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून दिवसभर मी त्यांच्याबरोबर होते.

पावणेआठ. जवळची प्राथमिक शाळा. या राज्यात तिसरीच्या मुलांची वाचनाची परीक्षा असते. २०२४ च्या कायद्याप्रमाणे, काही अपवाद सोडले तर, तिच्यात नापास होणारं मूल पुन्हा तिसरीतच बसतं. म्हणून निवृत्त झालेल्या बाई वर्गाबाहेरच्या छोट्या खुर्चीवर परत येऊन बसल्या आहेत. एक मुलगा लांबलचक शब्दापाशी अडला. बाईंनी शब्द सांगितला नाही. त्याचा शेवट अंगठ्याने झाकला, सुरुवात वाचून घेतली, अंगठा थोडा सरकवला, पुढचं वाचून घेतलं. शब्द जमला तसा पोरगा पुढे धावला. बाईंनी त्याला थांबवून सगळं वाक्य पहिल्यापासून वाचायला लावलं. ‘शब्दाशी झटताना वाक्य विसरायला होतं, बाळा.’

अकरा. चर्चच्या तळघरात धान्यवाटप. भरलेल्या पिशव्या लोकांच्या हातात ठेवायला बाईंचा ठाम विरोध आहे. सामान फळ्यांवर मांडायचं, ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं. ‘मधुमेह असलेल्या माणसाने साखरेच्या पाकातल्या पीचांचं काय करायचं?’ मदत घेणाऱ्याला निवड करता यावी, एवढी साधी गोष्ट कितीजणांना सुचत नाही!

एक. सूप, अर्धं सँडविच आणि आरामखुर्चीत डुलकी.

दोन. दिवाणखान्यात दप्तरांचा ढीग. बाई ज्या सोरॉरिटीच्या सभासद आहेत त्या सिग्मा गॅमा रोचा हा ‘बिगबुकबॅग’ उपक्रम, निवारागृहांत राहणाऱ्या मुलांना शालेय साहित्य पुरवणारा. प्रत्येक पेन्सिलीला टोक करूनच ती दप्तरात जाते. तिथे मुलाला शार्पनर मिळेलच असं नाही.

सोरॉरिटी म्हटलं की कॉलेजातल्या मुलींच्या मेजवान्या डोळ्यांपुढे येतात. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघांत मात्र खरं काम पदवीनंतर सुरू होतं आणि सभासदत्व जन्मभराचं असतं. हा संघ तर शिक्षिकांनीच उभारलेला. १२ नोव्हेंबर १९२२ रोजी याच शहरात, बटलर विद्यापीठात, सात जणींनी त्याची स्थापना केली. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली होती. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, त्याच अमेरिकेत, या सात जणी शिकवत होत्या तेव्हा इंडियानात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा जोर होता. संघ स्थापन झाल्यावर पाच वर्षांनी, १९२७ मध्ये, शहराने कृष्णवर्णीय मुलांसाठी क्रिस्पस अटक्स हे वेगळं हायस्कूल काढलं. अशा गावात मास्तरणींनी एकमेकींना बहीण मानलं ते हौसेखातर नाही. नोकरी, घर, आजारपण, मुलांची शिक्षणं, कशालाच दुसरा आधार नव्हता. बाईंच्या सकाळच्या फोनांमागची निकड मला या इतिहासातून कळते.

साडेचार. बंदिस्त जलतरण तलाव. संघ २०१२ पासून अमेरिकेच्या जलतरण संघटनेबरोबर पोहण्याचा प्रसार करतो. उपक्रमाच्या नावातच १९२२ हे साल आहे. एके काळी कृष्णवर्णीयांना सार्वजनिक तलावांची दारं बंद होती. ज्या आईबापांना कुणी पोहायला शिकवलं नाही, त्यांनी भीतीपोटी मुलांनाही पाण्यापासून लांब ठेवलं. बाई स्वतः साठीनंतर शिकल्या. आज त्या पाण्यात उतरल्या नाहीत. काठावर कुडकुडणाऱ्या एका आजीशेजारी बसून राहिल्या. नात पाण्यात होती आणि आजीची नजर हलत नव्हती. ‘पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्याबरोबर कंबरभर पाण्यात या,’ बाई म्हणाल्या. आजीने नाही म्हटलं. बाईंनी तरी तिचं नाव लिहून घेतलं.

सात. संघाच्या समितीची बैठक. ठराव, अनुमोदन, इतिवृत्त, सगळं नियमानुसार. तरुण सभासदांना हे कंटाळवाणं वाटतं, पण पैशांचा हिशेब चोख राहतो तो याच काटेकोरपणामुळे. मतदारनोंदणीवर बराच वेळ गेला. इंडियानात निवडणुकीच्या २९ दिवस आधी नोंदणी बंद होते आणि मेमध्ये पक्षांतर्गत निवडणूक होणार होती. कोणत्या वाचनालयात कोण बसणार ते ठरल्याशिवाय बाईंनी कुणाला उठू दिलं नाही.

साडेनऊ. शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबतचे निबंध. बाई प्रत्येक निबंध दोनदा वाचतात आणि जिला शिष्यवृत्ती मिळणार नाही तिलाही समासात शेरा लिहितात. आज एका मुलीचा निबंध त्यांनी परत पाठवायला बाजूला काढला. आजीच्या कष्टांमुळे मी इथवर आले, असं मुलीने लिहिलं होतं. खाली बाईंनी लिहिलं: ‘आजी काय काम करत होती? कुठे? किती वाजता घरी यायची? ते लिही. शुक्रवारपर्यंत दे, मी वाट पाहते.’